चांदी, सिमेंट आणि दाताला चिकटणारा मसाला : दात भरण्याचा इतिहास

आपल्या खानदेशात दातदुखीवर एक ठरलेलं उत्तर असतं : ‘दात दुखस? काढी टाका!’ दात वाचवता येतो, ही कल्पना मात्र जुनी आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डाग द्यावा, असं सांगितलंय. पण ती भरणी टिकणारी नव्हती. टिकेल असं भरायचं कशाने, हा खरा प्रश्न होता.

पहिलं भरवशाचं उत्तर सोन्याचं. जळगावकरांना सोन्याची पारख सांगायला नको! शुद्ध सोन्याचा पत्रा तापवून स्वच्छ केला की तो थंड असतानाही दुसऱ्या पत्र्याला दाबाने जुळतो. 1855 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट आर्थर यांनी हा गुण दात भरायला वापरला. काम उत्तम व्हायचं, पण ते वेळखाऊ, आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं.

सर्वसामान्यांच्या दातात गेली ती ‘चांदी’. आपण ‘दातात चांदी भरली’ म्हणतो, पण त्यात साधारण निम्मा पारा असतो, आणि बाकी चांदी, कथील, तांबं. पूर्वी हे सगळं खलात घोटत. 1890च्या दशकात जी. व्ही. ब्लॅक यांनी त्याचं प्रमाण नीट बसवलं. स्वस्त आणि मजबूत. पण एक अडचण होती : ही चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून खड्डा घागरीसारखा करायचा, तोंड अरुंद आणि पोट रुंद. म्हणजे कीड तांदळाएवढी असली तरी निरोगी दातही कोरायचा.

आणि हे करणार कोण? 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणं. पण मुंबईत नायर दंत महाविद्यालय सुरू झालं ते 1933 मध्ये. 1948च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले : ‘अ’मध्ये पदवीधर, ‘ब’मध्ये पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं हाच धंदा करणारे. पदवीधर पुरेसे नव्हते, हे कायद्यानेच मान्य केलं. आज धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. म्हणजे अंतर किती कापलं बघा.

खरी उलथापालथ 1955ची. गवंडी गिलाव्याआधी भिंतीला टाचे मारतो ना? मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या पृष्ठभागावर फॉस्फरिक आम्ल लावून तेच केलं. आम्लाने सूक्ष्म छिद्रं पडतात, त्यात पातळ राळ शिरते आणि घट्ट होते. 1962 मध्ये राफेल बोवेन यांनी काचेसारख्या कणांचा राळेचा मसाला तयार केला; तेच आजचं दातरंगी ‘कॉम्पोझिट’. आता भरणी अडकवायची गरज उरली नाही, म्हणून जास्त कोरायचीही नाही. पुढे 1970च्या दशकात आलेलं ग्लास आयोनोमर सिमेंट तर दाताला आपोआप चिकटतं. टांझानियात 1980च्या दशकात विजेशिवाय, हातातल्या अवजारांनी कीड काढून असं सिमेंट भरण्याची पद्धत रुजली. यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार?

आता सौंदर्य. आपल्याकडे सवाष्णी दातवण लावून दात काळे करत. तेव्हा काळेपणच शोभेचं होतं. हॉलिवूडमध्ये 1928 च्या सुमारास चार्ल्स पिंकस नटांच्या दातांवर पातळ पांढरी कवचं तात्पुरती बसवत. 1980च्या दशकात आम्लाच्याच युक्तीने ती कायमची चिकटू लागली. फॅशन बदलते, पण कापलेला दात परत उगवत नाही.

म्हणून या इतिहासातून एक प्रश्न घरी न्या. डॉक्टरांकडे गेलात की ‘किती खर्च?’ जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, ‘चांगला दात किती कापावा लागेल?’