तीन बेटं आणि एक कौतुक

अथेन्समध्ये हाताशी एकच मोकळा दिवस असेल, तर कुणीही सांगतं : सकाळी पिरेअस बंदरातून बोट पकडा, हायड्रा, पोरोस, एजिना ही तीन बेटं पाहा आणि संध्याकाळी परत या. आम्ही नवरा-बायकोनं तेच केलं. आमचं बोलणं ऐकून शेजारच्या बाकावरचे गृहस्थ वळले. मराठीच निघाले. नावं सांगून झाली आणि माझं नाव ऐकताच ते मनापासून म्हणाले, "अरे वा! मराठी फार छान बोलता हो तुम्ही!"

हे कौतुक मी चाळीस वर्षं ऐकत आलो आहे. त्यात वाईट हेतू नसतो, हेही जाणतो. "आईनंच शिकवली," एवढंच म्हणालो.

तेवढ्यात हायड्रा आलं. या बेटावर मोटारी नाहीत, ओझी गाढवांच्या पाठीवरून जातात. बंदराभोवती चढत गेलेले दगडी वाडे जहाजमालकांचे. १७७४ च्या तहानंतर रशियाचं निशाण लावून त्यांची गलबतं भूमध्य समुद्रात फिरू लागली. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांची नाकेबंदी चुकवून धान्य पोचवता पोचवता ते गबर झाले. १८२१ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध ग्रीकांनी उठाव केला, तेव्हा याच व्यापारी जहाजांवर तोफा चढल्या. आंद्रेआस मिआउलिस हा त्या आरमाराचा सेनानी इथलाच.

आता गंमत ऐका. या हायड्राकरांच्या घरातली बोली ग्रीक नव्हती. ती होती अर्वानितिका, म्हणजे अल्बेनियन भाषेचीच एक बोली. धर्म मात्र ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यामुळे त्यांच्या ग्रीकपणाविषयी शंका उरली नाही. इथल्याच कुंदुरिओतिस घराण्यातले पावलोस १९२४ मध्ये ग्रीक प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

पुढचं पोरोस. १८३१ मध्ये स्वतःच्याच सरकारशी बिनसल्यावर मिआउलिसनं 'हेलास' ही नवी युद्धनौका इथं उडवून दिली. स्वातंत्र्य मिळताच घरातली भांडणं सुरू होतात, हे काही आपल्यालाच ठाऊक आहे असं नाही.

पोरोस ते एजिना हा टप्पा लांबचा. शेजारच्या गृहस्थांना मी क्रीटची गोष्ट सांगितली. आमची बोट तिकडे जाणार नव्हती, माझं मन मात्र सकाळपासून तिथंच होतं. क्रीटमधले हजारो मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ग्रीकच बोलत. बहुतेक मूळचे तिथलेच, ऑटोमन काळात धर्म बदललेले. 'मांतिनादा' नावाची दोन ओळींची यमकबद्ध कवनं क्रीटचा जीव की प्राण, ती यांच्याही ओठांवर होती. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान इथं ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. कोण कुठं जाणार, हे धर्मावरून ठरलं. भाषा कुणी विचारलीच नाही. साडेतीन लाखांच्या आसपास मुसलमान ग्रीसमधून गेले, त्यांत हे क्रीटकरही होते. तुर्की न येणारी ही माणसं आयवालिकसारख्या गावांत उतरली आणि तिथं त्यांची ग्रीक बोली परकी ठरली. पावलोस राष्ट्राध्यक्ष झाले, तेही याच दिवसांत.

गृहस्थ गप्प झाले. मीही पुढं काही बोललो नाही.

एजिना ही १८२८ मध्ये नव्या ग्रीसची राजधानी होती. 'फिनिक्स' हे देशाचं पहिलं नाणं इथंच पाडलं गेलं. आज नाव आहे ते इथल्या पिस्त्यांचं. धक्क्यावर सगळ्यांनी पुड्या घेतल्या.

परत पिरेअसचे दिवे दिसू लागले. आशिया मायनरमधून बारा लाखांवर ख्रिस्ती निर्वासित ग्रीसमध्ये आले, त्यांतले किती तरी याच बंदरात उतरले. काहींना तुर्कीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. त्यांचे पूर्वज तुर्की भाषा ग्रीक अक्षरांत लिहीत. क्रीटहून गेलेल्यांची भाषा तिकडे उपरी, आलेल्यांची इकडे. कठड्याला टेकून मी त्या धक्क्याकडे बघत राहिलो.

गृहस्थ जवळ आले. "सकाळी विचारायचं राहिलंच," ते म्हणाले, "तुमचं गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"अहो, मग आपण नदीच्या अलीकडचे-पलीकडचे!" असं म्हणून त्यांनी पिस्त्यांची पुडी माझ्यापुढं धरली.