निंजांची हत्यारे

निंजाचे शस्त्र म्हटले की दुकानातील चकचकीत सरळ तलवार डोळ्यांपुढे येते. पण तशी अस्सल जुनी तलवार इतिहासाला ठाऊक नाही. निंजा म्हणजे जपानातील हेर. इगा व कोगा या शेजारच्या मुलखांतील त्यांची विद्या १६७६ साली ‘बानसेन्शूकाई’ या ग्रंथात संकलित झाली. त्यात भिंती चढण्याची, पाणी ओलांडण्याची, दारे उघडण्याची साधने वर्णिली आहेत. कारण उघड आहे. वेषांतर केलेल्या हेराजवळ शस्त्र सापडले, की सोंग फसले आणि प्राणही गेला. म्हणून शेतकऱ्याचा विळा किंवा भिंत उकरण्याचे कुनाई हीच त्याला सोयीची. तेव्हा आजच्या अभ्यासकाने पोलाद विकत घेण्याची घाई करू नये. आधी लाकडी नमुना घडवून त्यावर हात बसवावा.