राजमुद्रेच्या जागी शेतकरी

नाणे पाडणे हा सार्वभौम सत्तेचा अधिकार मानला जातो. परंतु राज्यकर्ता प्रजेला पुरेशी मोडच पुरवीत नसेल, तर प्रजा काय करते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लोअर कॅनडाचा, म्हणजे आजच्या क्वेबेक प्रांताच्या दक्षिण भागाचा, इतिहास या प्रश्नाचे मार्मिक उत्तर देतो.

या ब्रिटिश वसाहतीतील बहुसंख्य रयत फ्रेंचभाषी होती. लंडनहून तांब्याची नाणी फारच थोडी येत. मोठ्या व्यवहारांत देशोदेशींची चांदीची नाणी चालत; मात्र पाव-मिठाच्या खरेदीत सुट्या पैशांवाचून अडे. ही उणीव व्यापाऱ्यांनी भरून काढली. त्यांनी तांब्याची टोकने पाडून घेतली. वजन हलके ठेवल्याने नफाही चांगला होई. १८२५ मध्ये अशा टोकनांच्या आयातीस मनाई झाली, तेव्हा नव्या टोकनांवर जुने साल घालण्याची युक्ती निघाली. पुढे १८३५ च्या सुमारास मॉन्ट्रियल बँकेने पुष्पगुच्छाचे चित्र असलेले 'सू' हे अर्ध्या पेनीचे टोकन काढले. त्यावरील फ्रेंच मजकुरात एकवचनाच्या जागी अनेकवचन पडले होते. नक्कल करणाऱ्यांनी ती चूकही इमानाने उतरवून घेतली!

याच सुमारास निर्वाचित विधिमंडळ आणि गव्हर्नर यांच्यातील संघर्ष विकोपाला गेला. लुई-जोसेफ पापिनो हे लोकपक्षाचे पुढारी होते. १८३७ मध्ये ब्रिटिश मालावर बहिष्काराची हाक निघाली आणि काही सभासद घरी विणलेले जाडेभरडे कापड लेवून विधिमंडळात आले. बंगभंगाच्या वेळची आपली स्वदेशी चळवळ तेव्हा ६८ वर्षे दूर होती.

त्याच वर्षी चार बँकांनी अधिकृत टोकने काढली. त्यांवर राजाचा मुखवटा नव्हता. लोकरी टोपी घातलेला, हाती चाबूक धरलेला फ्रेंचभाषी शेतकरी होता. लोकांनी त्या टोकनालाच 'पापिनो' म्हणण्यास आरंभ केला. 'बांक द्यु पप्ल', म्हणजे जनतेची बँक, हिच्या एका टोकनावर तर पानाफुलांलगत एक तारा आणि फ्रेंच राज्यक्रांतीतील स्वातंत्र्याची टोपी बारीक आकारात कोरलेली आढळते. हे काम बँकेतीलच एका कर्मचाऱ्याने गुपचूप करवून घेतले, असे सांगितले जाते.

शेतकऱ्याची ही टोकने पाडली गेली ती मात्र इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळील सोहो टांकसाळीत. मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारची तराजूछाप तांब्याची नाणी १७९१ मध्ये तेथेच तयार झाली होती. तेथील यंत्रांना दोन्ही कामे सारखीच होती. अर्थ दिला तो ती नाणी हाताळणाऱ्या माणसांनी.

नोव्हेंबर १८३७ मध्ये उठाव झाला. तो मोडून काढण्यात आला. पापिनो अमेरिकेत निघून गेले. १८३८ चा दुसरा उठावही फसला आणि मॉन्ट्रियलमध्ये बारा जणांना फाशी झाली. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचे सेंट चलनात आले. तोवर बाजारहाटात त्या टोपीवाल्या शेतकऱ्याची देवघेव चालूच होती.