संगणकांच्या वेगळ्या चुली

बँकेत खिडकीपलीकडचा कारकून कधीमधी म्हणतो, ‘‘थांबा जरा, सिस्टिम बंद आहे.’’ आपण चरफडत बाकावर टेकतो. पण वाचकहो, ही सिस्टिम म्हणजे त्याच्या समोरचा पडदा नव्हे बरं का! ती दूर कुठल्याशा थंडगार खोलीत, कपाटांच्या रांगांत नांदत असते. त्या खोलीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास आपल्या घरांसारखाच आहे : आधी एकत्र कुटुंब, मग वेगळ्या चुली, आणि पुन्हा एकच चूल.

७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. आकडेमोड असो की नोंदींची साठवण, सारे एकाच घराण्याच्या यंत्रांत होई. सोय मोठी, पण किंमतही मोठी, आणि गिऱ्हाईक त्या घराण्याशी बांधले जाई.

पुढे स्वस्त सर्व्हर आले. कचेऱ्यांनी कामागणिक एकेक घेतला. एकाची डिस्क ओसंडून वाहते, तर शेजारच्याची रिकामी! म्हणून १९९० नंतरच्या दशकात साठवण बाहेर काढून एका सामाईक कपाटात ठेवण्याची रीत रूढ झाली. आता चुली तीन झाल्या : आकडेमोड करणारे सर्व्हर, साठवणीचे कपाट आणि दोहोंना जोडणारे जाळे. प्रत्येकीचा जाणकार वेगळा, विक्रेताही बहुधा वेगळा. काही बिघडले की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, हे ओघाने आलेच.

१९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने २००१ मध्ये सर्व्हरसाठी अशी प्रणाली आणली, की एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे सुखाने नांदू लागली. यंत्रांची संख्या घटली खरी, पण त्या सगळ्यांची वर्दळ एकाच साठवणीच्या कपाटावर येऊन आदळू लागली. दहा घरांनी एकाच नळावर हंडे लावावेत, तशी गत झाली!

वाट दाखविली ती गूगलने. आपल्या साठवणव्यवस्थेची माहिती तिच्या अभियंत्यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. विचार साधा होता. यंत्रे साधीच घ्यायची, ती बिघडणारच हे गृहीत धरायचे, आणि प्रत्येक मजकुराच्या तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवायच्या. या व्यवस्थेवर काम केलेले मोहित आरोन यांनी धीरज पांडे व अजित सिंग यांच्यासह २००९ साली न्यूटॅनिक्स ही कंपनी काढली. तिचा माल २०११ मध्ये बाजारात आला. या पद्धतीला नाव पडले ‘हायपरकन्व्हर्ज्ड’, म्हणजे पुरती एकवटलेली.

यात वेगळे कपाट नाहीच. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात आपापल्या डिस्का असतात आणि त्या सर्वांची मिळून एक कोठी करण्याचे काम सॉफ्टवेअर करते. नोंद एका पेटीत लिहिली, की तिची प्रत दुसरीत जाते. एक पेटी मेली तरी काम चालू राहते. गरज वाढली की आणखी एक पेटी जोडायची. २०१४ मध्ये व्हीएमवेअरनेही ‘व्हीसॅन’ आणून हीच वाट धरली. २०१७ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज कंपनीने सिंप्लिव्हिटी ही याच धंद्यातील कंपनी ६५ कोटी डॉलरना विकत घेतली.

मग यात उणे ते काय? एक तर, साठवणच वाढवायची असली तरी पुष्कळदा आकडेमोडीची यंत्रेही सोबत घ्यावी लागतात. पण खरी गोम दुसरीच आहे. सर्वांचा संसार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याची किल्ली कोणाच्या कमरेला? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे थांबवून वर्गणीची पद्धत लावली. खर्च वाढल्याची ओरड अनेक गिऱ्हाइकांनी केली. पण मांडलेला संसार एका रात्रीत का हलविता येतो?

साठ वर्षांपूर्वी गिऱ्हाईक लोखंडाने बांधलेले होते, आता सॉफ्टवेअरने बांधलेले आहे, इतकाच फरक. एकत्र चुलीत सरपण वाचते, यात शंका नाही. मात्र त्या चुलीशी बसण्यापूर्वी शहाण्याने एवढे विचारून घ्यावे : उद्या वेगळे व्हायचे झाले, तर आपली भांडी आपल्याला परत मिळतील ना?