पलीकडचा काठ : रामनगर

काशीस गेलेला मराठी माणूस पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो. सूर्य समोरून उगवतो, अर्घ्य तिकडेच द्यावयाचे असते आणि पाठीशी आपल्याच माणसांनी बांधलेले घाट असतात. अहल्याबाईंचा घाट, शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट अशी नावे उच्चारताना परमुलखात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. एकनाथांनी भागवतावरील आपला टीकाग्रंथ १५७३ साली याच क्षेत्री पुरा केला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी गागाभट्ट येथूनच रायगडास गेले. झाशीच्या राणीचा जन्मही याच नगरीतला. एवढी पुण्याई पाठीशी असता समोरच्या काठाकडे कोणी निरखून पाहू नये, यात नवल ते काय ?

त्यात त्या काठाची ख्याती फारशी बरी नाही. व्यासांनी रागाच्या भरात काशीला शाप दिला, शंकरांनी त्यांना नगरीबाहेर घालविले, तेव्हा ते गंगेपलीकडे जाऊन राहिले, अशी कथा आहे. त्या भूमीस व्यासकाशी म्हणतात. काशीत देह ठेवणारा मुक्त होतो, आणि व्यासकाशीत मरणारा पुढील जन्मी गाढव होतो, असा लोकांत समज आहे. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांना ओझ्याचे भय ते काय ! शरद ऋतूतील एका रविवारी आम्ही चार बिऱ्हाडे मुलाबाळांसह पलीकडे निघालो. पूर्वी येथे पीपांचा तरता पूल असे आणि पावसाळ्यात तो काढून ठेवीत. २०१७ साली सामनेघाटाजवळ पक्का पूल रहदारीस खुला झाल्यापासून ती अडचण उरलेली नाही.

रामनगरचा किल्ला पाण्यातूनच वर आल्यासारखा वाटतो. फिकट पिवळसर चुनारी दगडाचे बुरूज, नदीवर झुकलेले सज्जे, आत मोकळे चौक. राजा बलवंतसिंह याने तो १७५०च्या सुमारास बांधविला. त्याचा पिता मनसाराम हा मूळचा एका जमीनदार घराण्यातला. अवधच्या नबाबाचा अंमल दुबळा होत गेला तसतसे या घराण्याने काशीच्या आसपासचा मुलूख आपल्या हाताखाली आणला. काशी ही विश्वेश्वराची नगरी. तिच्या राजाने आपली गादी मात्र नगरीत न ठेवता नदीपलीकडे नेली आणि मधल्या गंगेचा खंदक केला. हा विचार भाविकाचा कमी आणि लष्करी माणसाचा अधिक होता. तो किती उपयोगी पडला, हे त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत दिसून आले.

बलवंतसिंह १७७० साली वारला आणि चेतसिंह गादीवर आला. १७७५च्या तहाने काशीचा प्रांत अवधकडून इंग्रज कंपनीकडे गेला आणि चेतसिंहाने दरसाल सुमारे साडेबावीस लाख रुपये भरावे असे ठरले. हा आकडा कायमचा आहे अशी राजाची समजूत होती. परंतु १७७८ साली फ्रेंचांशी युद्ध जुंपल्याचे निमित्त करून वॉरन हेस्टिंग्ज याने आणखी पाच लाख मागितले, आणि पुढील दोन वर्षेही ती मागणी चालू ठेवली. कंपनीचा खजिना रिता का झाला होता, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. तिकडे पुणे दरबाराशी तिचे युद्ध चालू होते, दक्षिणेत हैदर उठला होता. म्हणजे वडगाव, ग्वाल्हेर या नावांनी आपण जे युद्ध ओळखतो, त्याच्या खर्चाचा भार या काठावरच्या राजाच्या माथ्यावरही येऊन पडला होता. किल्ल्याच्या चौकात उभे असताना ही गोष्ट प्रथमच आमच्या नीट ध्यानात आली. शाळेत आम्ही हा इतिहास वाचला होता, पण दोन निरनिराळ्या धड्यांत वाचला होता.

१७८१च्या ऑगस्टमध्ये हेस्टिंग्ज स्वतः काशीस आला. पन्नास लाखांपर्यंत दंड वसूल करावा असा त्याचा बेत होता. १६ ऑगस्ट रोजी शिवाल्याच्या वाड्यात चेतसिंहास पहाऱ्यात ठेवण्यात आले. पहाऱ्यावरच्या शिपायांपाशी दारूगोळाच नव्हता. ही बातमी रामनगरास पोहोचताच माणसे नावांतून नदी उतरून धावली आणि त्यांनी पहारेकऱ्यांची व गोऱ्या अधिकाऱ्यांची कत्तल केली. त्या गोंधळात राजा खिडकीतून बाहेर पडला, पागोट्यांचा दोर करून घाटावर उतरला आणि नावेत बसून या काठास लागला. चार दिवसांनी इंग्रजांच्या एका तुकडीने रामनगरावर चाल केली. गावच्या अरुंद गल्ल्यांत ती सापडली आणि तिचा मोड झाला. मग खुद्द गव्हर्नर जनरलास रातोरात काशी सोडून चुनारचा किल्ला गाठावा लागला. या फजितीच्या म्हणी काशीच्या लोकांच्या तोंडी अजून आहेत.

पण हा जय महिनाभरही टिकला नाही. फौजा जमल्या, रामनगर पडले आणि चेतसिंह दक्षिणेकडे निघून गेला. त्याचा अखेरचा आश्रय जो बिजयगड, तो मेजर पॉपॅम याने नोव्हेंबरात घेतला. आदल्या वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला मराठ्यांकडून घेणारा पॉपॅम तो हाच. बिजयगडची लूट त्याच्या सैन्याने आपसांतच वाटून घेतली, आणि ज्या पैशासाठी हेस्टिंग्जने एवढा उपद्व्याप केला, त्यातला एक रुपयाही त्याच्या हाती पडला नाही. पुढे पार्लमेंटात त्याच्यावर जो खटला चालला, त्यात काशीचे हे प्रकरण एक प्रमुख आरोप म्हणून मांडले गेले. १७९५ साली तो निर्दोष सुटला. चेतसिंहास महादजी शिंद्यांनी थारा दिला. काशीचा हा राजा १८१० साली ग्वाल्हेरीस मरण पावला. आपले अनेक थोर लोक अखेरच्या दिवसांत काशीस आले. काशीचा धनी मात्र अखेरीस आपल्या मुलखात येऊन राहिला.

दुपारी आम्ही चुनारकडे मोटार वळविली. गंगेच्या याच काठाने रस्ता जातो. दगडाच्या खाणी, भाताची शेते आणि मग एकाएकी नदीत घुसलेला डोंगराचा सुळका व त्यावरचा किल्ला. शेरशहा, हुमायून, अकबर अशी बडी नावे त्याच्या इतिहासात आहेत. आम्हांला मात्र तेथे एका निराळ्याच माणसाची आठवण झाली. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे हा गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून ठाण्याच्या किल्ल्यात होता. तेथून तो निसटला, आणि पेशवाई बुडाल्यावर पुन्हा सापडला तेव्हा इंग्रजांनी त्याला या चुनारच्या किल्ल्यात आणून ठेवले. बिशप हेबर याने १८२४ साली त्याला येथे पाहिले. त्याच्या आयुष्याची अखेर याच कैदेत झाली. त्याच्या कृत्यांचा न्यायनिवाडा इतिहासकार करोत. त्या माणसाने या तटावरून खालचे पाणी कितीदा पाहिले असेल, एवढाच विचार त्या वेळी आमच्या मनात आला.

याच काठाने पूर्वेस बिहारच्या वाटेवर गेले म्हणजे कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी सारे पुण्य लयास जाते, अशी समजूत. त्यामुळे गयेहून काशीस येणाऱ्या यात्रेकरूंचा मोठा खोळंबा होई. नाना फडणिसांनी तेथे पूल बांधविण्याचा प्रयत्न केला होता. पण वाळूत पाया टिकेना आणि ते काम अर्धवट राहिले. पुढे काशीचे राजा पटनीमल यांनी पैसा घातला, बनारसच्या टांकसाळीवरील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने देखरेख केली, आणि १८३०च्या सुमारास तो पूल उभा राहिला. हाच प्रिन्सेप पुढे अशोकाची ब्राह्मी लिपी वाचून अमर झाला. पुण्याच्या कारभाऱ्याने आरंभिलेले काम काशीच्या सावकाराने आणि दूर देशीच्या नोकराने तडीस नेले, ही गोष्ट आमच्यासारख्या बदलीवरच्या लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दिवस कलता आम्ही रामनगरास परतलो. चेतसिंहानंतर गादीवर बसविलेल्या महीपनारायणाच्या माथी चाळीस लाखांची खंडणी बसली. १७९४च्या करारानंतर बहुतेक मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. १९११ साली इंग्रजांनी रामनगरसह थोड्या परगण्यांचे संस्थान निर्माण केले आणि १९४९ साली ते विलीन झाले. किल्ल्यातील संग्रहालयात अंबाऱ्या, मेणे, पालख्या, जुन्या मोटारी, तलवारी, आणि ग्रहगती दाखविणारे एक घड्याळ मांडलेले आहे. असे दालन आम्ही अनेक संस्थानांत पाहिले आहे, आणि त्यातून बाहेर पडताना मनास एक प्रकारची उदासी येते.

येथे मात्र ती फार वेळ टिकली नाही. फाटकाबाहेर सारे गाव रामलीलेस निघाले होते. उदितनारायणसिंहांच्या काळी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, या लीलेचा पाया घातला गेला आणि ईश्वरीप्रसाद नारायणसिंहांनी तिला आजचे रूप दिले. अनंत चतुर्दशीस, म्हणजे आपण गणपती पोहोचवितो त्याच दिवशी, ती सुरू होते आणि सुमारे महिनाभर चालते. तिला रंगमंच एक नाही. अयोध्या किल्ल्यापाशी, जनकपूर दूर, लंका तर त्याहून दूर, मोकळ्या मैदानात. प्रेक्षकांनी रामामागून चालत जावयाचे. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. मशाली, पेट्रोमॅक्स आणि रामायणी मंडळींचे मानसपठण. कित्येक नेमी लोक स्वतःची पोथी घेऊन येतात आणि दिव्याच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून ऐकतात. युनेस्कोने २००८ साली रामलीलेस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, त्याचे त्यांना काही विशेष वाटत असावेसे दिसले नाही.

त्या दिवशी लीला पंचवटीत होती. आमच्यातील एक बिऱ्हाड नाशिकचे. त्यांच्या मुलीने ‘ही कसली पंचवटी !’ म्हणून आईला हटकले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या नेमीने तिला जवळ घेऊन हिंदीत सांगितले, ‘बेटी, राम जेथे बसले ती पंचवटी.’ मुलगी गप्प झाली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो.

लीलेच्या अखेरीस कोटविदाईचा प्रसंग होतो. त्या दिवशी काशीनरेश रामरूप मुलांना किल्ल्यात आणवितात, त्यांचे पाय धुतात आणि त्यांना जेवू घालतात. रावणवधाच्या वेळी मात्र ते तेथे थांबत नाहीत. राजाने राजाचा वध पाहू नये असा संकेत आहे. ज्या किल्ल्यातून १७८१ साली एक राजा परागंदा झाला, त्याच किल्ल्यात त्याच्यामागून आलेल्यांनी ही प्रथा चालविली. खंडणी, फौज, मुलूख सारे एकेक करून गेले. संस्थान गेल्यावर तर त्यांना आज्ञा करण्याचाही अधिकार उरला नाही. तरीही ते दिसताच माणसे ‘हर हर महादेव’ म्हणून उभी राहतात. आपल्या पेशव्यांचे बिठूर व कर्वी येथील दरबार आज शोधावे लागतात. रामनगरचा शोधावा लागत नाही, कारण गावाने तो आपल्या कामाचा करून घेतला आहे. अधिकार काही काळापुरता हाती आलेल्या आम्हां लोकांस यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

रात्री पुलावरून परतताना नाशिकची ती मुलगी झोपेला आली होती. समोर काशीच्या घाटांवर दिव्यांची चंद्रकोर लागली होती. अहल्याबाईंचा घाट कोणता आणि शिंद्यांचा कोणता, हे इतक्या दुरून ओळखू येत नव्हते. आमच्या बांधवांपैकी कोणाची काशीस बदली झाली तर त्यांनी घाट अवश्य पाहावे. पण आश्विनातील एक दिवस पलीकडच्या काठासाठी राखून ठेवावा, आणि मुलांनाही बरोबर न्यावे.