‘ज्वल्’ धातूचे तीन वारस : जळणे, उजळणे, पाजळणे

वसई-विरारच्या किनाऱ्यावरील कोळी व आगरी बोलींत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘काळा’चा ‘काला’. आणि त्याच नियमाने ‘जळणे’, ‘उजळणे’ यांतील ‘ळ’चाही ‘ल’ होतो. हा उच्चार कोणी अशुद्ध ठरवतात, तर कोणी तो हिंदी ‘जलना’चा किंवा शेजारच्या गुजरातीचा परिणाम मानतात. या क्रियापदांचा इतिहास पाहिला असता यांपैकी एकही मत टिकत नाही.

गुजरातीचा पक्ष तर विचारातच घेण्याजोगा नाही; कारण ‘ऊजळुं’, ‘बळवुं’ या गुजराती शब्दांत ‘ळ’ आहेच. हिंदीविषयी म्हणावयाचे तर ‘डोळा’ हा नेत्रवाचक शब्द हिंदीत नाही; मग ‘डोला’ तेथून कसा येणार? खरे कारण मराठीच्या पोटातच सापडते. प्राकृतातील दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला, जोड ‘ल्ल’चा मात्र ‘ल’च राहिला. म्हणून संस्कृत ‘काल’पासून ‘काळ’, परंतु ‘कल्य’, ‘कल्ल’ या क्रमाने ‘काल’ (गेला दिवस) हे रूप आले. प्रमाण मराठीने राखलेला हा भेद किनाऱ्यावरच्या बोलींत पुढे लोपला. एकरूप झालेल्या ध्वनींतून प्राकृतातील एकेरी-जोड भेदाशी तंतोतंत जुळणारे दोन ध्वनी पुन्हा निर्माण होणे अशक्यच. तेव्हा या बोलींतील ‘ल’ हा ‘ळ’नंतरचा, मराठीतच घडलेला विकार होय.

आता मूळ धातूकडे वळावे. धातुपाठात ‘ज्वल्’चा अर्थ ‘दीप्ती’ असा सांगितला आहे. म्हणजे प्रथम प्रकाश, मग दाह. ‘ज्वलति’, ‘जलइ’, ‘जळणे’ ही परंपरा सरळ आहे. ‘उद्’ उपसर्ग लागून ‘उज्ज्वल्’, प्राकृत ‘उज्जल’, मराठी ‘उजळणे’. आणि ‘प्र’ उपसर्गाने ‘प्रज्वल्’, ‘पज्जल’, ‘पाजळणे’. यांतील शेवटच्या रूपाचा ‘पा’ लक्षणीय आहे. जोड व्यंजन एकेरी झाले की मागचा स्वर दीर्घ होतो. ‘अद्य’, ‘अज्ज’, ‘आज’ हे त्याचेच उदाहरण.

हे द्वित्त प्राचीन लेखांत मात्र दिसत नाही. याच वसई परिसरात, सोपारे येथे, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे सापडला. अशोककालीन ब्राह्मीत सवर्ण जोडाक्षर लिहिण्याचा प्रघात नव्हता. गिरनारच्या चौथ्या लेखात ‘अग्नि’ शब्द ‘अगि’ असा कोरलेला आहे. उच्चारात ‘ग्ग’ होता हे मराठी ‘आग’मधील दीर्घ ‘आ’वरून कळते. दगडाने जे नोंदवले नाही ते बोलणाऱ्यांच्या जिभेने राखले. (ध्वनीचा इतिहास केवळ लेखांवरून लिहू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

अर्थाच्या बाजूने वाटणी अधिक मनोरंजक आहे. उपसर्गरहित ‘जळणे’कडे दाह गेला. तेल जळते, मन जळते, माणूस मत्सराने जळतो. ‘दिवा जळतो’ या प्रयोगातही तेलवात सरत असल्याची जाणीव आहे. दीप्ती हा धातूचा मूळ अर्थ उपसर्गयुक्त रूपांनी सांभाळला, आणि तोही ते उपसर्ग बोलणाऱ्यांना ओळखू येईनासे झाल्यावर. ‘उजळणे’ सकर्मक आणि अकर्मक दोन्ही आहे. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) विवेकाचा दीप उजळण्याचे रूपक येते. पुढे दागिने उजळले जातात, कांती उजळते आणि पाढ्यांची ‘उजळणी’ होते. घासून लख्ख करणे हा मधला दुवा या ठिकाणी स्पष्ट आहे.

‘पाजळणे’ केवळ सकर्मक आहे. त्यामुळे ते ‘पज्जालेइ’ या प्रेरक रूपापासून, दुसरा ‘आ’ आखूड होऊन आले असावे, हे मानणे अधिक सयुक्तिक. दिवटी पाजळतात. हत्यारही पाजळतात, कारण धार लावलेले पाते चमकते. या चमकण्यातून मिरवण्याचा अर्थ निघाला आणि ‘अक्कल पाजळणे’ हा उपहासाचा प्रयोग रूढ झाला. याच धातूचे ‘प्रज्वलित करणे’ हे तत्सम रूप समारंभातील समईसाठी राखून ठेवलेले असून त्याला उपहासाचा स्पर्शही झालेला नाही. दोन्हींतील ‘ज’चा उच्चारही वेगळा आहे : ‘प्रज्वलित’मध्ये तालव्य, ‘पाजळणे’मध्ये दंततालव्य.