यंत्ररचित वर्णने व त्यांतील दोषांचा शोध

एका संगणकाने दुसऱ्याकडे सेवा कशी मागावी, याचे वर्णन आज्ञावलीतूनच यंत्राकडून करवून घेण्याची प्रथा आहे. त्यासाठी रूढ झालेले 'स्वॅगर' हे साधन 'वर्डनिक' या इंग्रजी कोशसंस्थेत जन्मले व २०११ मध्ये खुले झाले; २०१६ मध्ये त्याच्या विनिर्देशास 'ओपनएपीआय' हे नाव मिळाले. कोशकारांच्या घरचे हे अपत्य रूप अचूक टिपते. अर्थ मात्र माणसाने लिहिल्यावाचून त्यास कळत नाही. रक्कम पूर्णांकात आहे, एवढे ते सांगते; ती रुपयांत की पैशांत, हे सांगत नाही.

म्हणून पृष्ठावर एखादी सेवा दिसेनाशी झाल्यास प्रथम मूळ वर्णनसंचिका पाहावी. तेथे नोंद नसेल, तर दोष आज्ञावलीत वा तिच्या यांत्रिक वाचनात शोधावा. असेल, तर दर्शक-पृष्ठात. दोन्ही निर्दोष असूनही वाचक अडला, तर ती उणीव मानवी भाष्याची समजावी.